पत्र्याच्या आतला माणूस

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्हाला लगेच त्यातला एखादा प्रसंग आठवेल, हसू येईल आणि आप्पा बाजूला राहतील. आयुष्यभर त्यांचं तेच झालं.

एवढंच सांगतो, की जुना, धावपळीचा आणि पडापडीचा विनोदी सिनेमा आहे. एक जाडा आणि एक बारका असे दोन गुप्तहेर, नात्यानं एकमेकांचे साडू, एका हरवलेल्या शास्त्रज्ञाला शोधत त्याच्या बंगल्यात शिरतात. तिथं शास्त्रज्ञाऐवजी त्यानं बनवलेला पत्र्याचा माणूस त्यांना भेटतो. हा यंत्रमानव कानावर पडलेला शेवटचा शब्द हुकूम समजतो. जाडा वैतागून "अरे, बस" म्हणाला, की हा असेल तिथं बसतो, मग खाली खुर्ची असो की बारका. सिनेमा आला तेव्हा मी स्वतः शाळकरी होतो आणि परंड्याच्या टॉकीजमध्ये तो तीनदा पाहिला होता. त्या पत्र्याच्या आत कुणी माणूस असेल, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुढं शिक्षकाच्या नोकरीत माझी बदली सास्तूरला झाली. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं गाव, सरळ रस्ते, एकासारखी एक घरं. आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. पहिल्याच आठवड्यात ज्वारीचा डबा घेऊन गेलो, तेव्हा एक उंच, शिडशिडीत म्हातारा गिरणीच्या झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावत बसला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, भुवयांवर पीठ. मी म्हटलं, "दळण आणलंय." त्यानं ऐकलं नाही. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "डब्ब्यावर वाजवा, मंग ऐकू येतंय." मी डब्यावर बोटांनी टकटक केली. म्हातारा लगेच वळला.

हे गुरुलिंग आप्पा. गाव त्यांना डब्बा आप्पा म्हणायचं.

टकटकीची सवय त्यांना त्या सिनेमात पत्र्याच्या माणसाचं काम करताना लागलेली. पत्र्याच्या त्या अंगरख्यात बाहेरचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून सुरुवात करायची झाली की पाठीवर दोनदा वाजवायचे आणि थांबायचं झालं की एकदा. पुढं गिरणीच्या आवाजानं कान गेले, जवळून मोठ्यानं बोललेलं तेवढं कळायचं, आणि ती टकटक राहिली. दारातून आत जाताना ते किंचित तिरके होऊन जात. अंगावर तेवढा रुंद पत्रा आहे असं शरीर अजून धरून चाललं होतं. कामाला हात घालण्याआधी तांब्याभर पाणी पीत. "आत गेलं की पानी न्हाय," असं म्हणत आणि गिरणी सुरू करत. उजवा पाय मात्र त्यांचा जन्मापासून जरा आत वळलेला होता. चालताना तो पाऊल टाकण्याआधी क्षणभर विचार केल्यासारखा थांबायचा.

मुंबईला ते सेटवर रंग मारायला गेले होते. पत्र्याचा अंगरखा ज्याच्या मापानं बनवला, तो नट पहिल्याच दिवशी आत चक्कर येऊन पडला. तेवढ्या उंचीचं आणि तेवढं बारीक दुसरं कोण आहे म्हणून शोधाशोध झाली, आणि शिडीवरून आप्पांना खाली बोलावलं. "माप बसलं," आप्पा सांगत. "बाकी मला कायबी येत नव्हतं." संपूर्ण सिनेमात त्यांचा चेहरा एकदाही दिसत नाही. सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांमध्येही ते नाहीत. तरीही गावानं त्यांच्यावर विश्वास ठेवला होता, म्हणजे थट्टेपुरता ठेवला होता. ग्रामपंचायतीला कुणी पडला की मोबाइलवर त्या यंत्रमानवाची जिन्यावरून गडगडत येणारी चित्रफीत फिरायची, आणि दुसऱ्या दिवशी पडलेला उमेदवार गिरणीवर येऊन म्हणायचा, "आप्पा, काल तुमीच व्हता माझ्या बदली."

आप्पा अशा वेळी हसत नसत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी मोठा माणूस गावात येऊन गेला, भाषण झालं, लोक गिरणीवर येऊन त्याचं कौतुक करू लागले, की आप्पा पिठाचा हात झटकून विचारत, "वरून पत्रा चांगला हाय. आत कोन हाय?"

शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही एकदा त्याच सिनेमातला एक प्रसंग बसवला. पुठ्ठ्याचं खोकं, वर चंदेरी कागद. तालमीला आप्पांना मुद्दाम बोलावलं. आले, आणि पहिलं काम काय केलं, तर खिशातलं पातं काढून खोक्याला काखेत आणि मानेमागं भोकं पाडली. चंदेरी कागदाची वाट लागली म्हणून आमच्या कलाशिक्षकांचं तोंड उतरलं. आप्पा म्हणाले, "दिसायला काय, काहीबी दिसंल. आतलं लेकरू जगाया पायजे." मग त्यांनी पडून दाखवलं. वय सत्तरीकडं झुकलेलं. व्यासपीठाच्या तीन पायऱ्यांवरून हात सरळ ठेवून, मान न वाकवता, एखादं कपाट कलंडावं तसे ते खाली आले. पोरं हसून हसून लोळली. उठून धोतर झटकत त्यांनी सांगितलं, "पडताना आपुन हसायचं न्हाय. जो पडतोय त्याला ठावं नसतंय, आपुन पडायलोय म्हणून. म्हणून लोक हसत्यात."

रविवारी दुपारी अधूनमधून तो सिनेमा टीव्हीवर लागायचा. त्या दिवशी गिरणी बंद. एकदा मलाही त्यांनी बोलावून घेतलं. आप्पा जमिनीवर टीव्हीच्या अगदी जवळ बसले. त्यांची बायको शांताबाई, मी त्यांना मावशी म्हणायचो, मला चहा देऊन बाहेर ओट्यावर निघून गेल्या. सिनेमा सुरू झाला. दोघे साडू कपाटात अडकले, जाड्याच्या मिशीला डिंक लागला, मी हसत होतो. आप्पा गंभीर होते. जिन्याचा प्रसंग जवळ आला तसे ते आणखी पुढं सरकले.

तो प्रसंग तुम्ही पाहिलाच असेल. पत्र्याचा माणूस चहाच्या कपांचा ट्रे घेऊन वरून निघतो, पहिल्याच पायरीला अडखळतो आणि संपूर्ण जिना गडगडत खाली येतो. उभा राहतो तर ट्रेमधले सगळे कप जागेवर. जाडा टाळ्या वाजवतो. तेवढ्यात एक कप ट्रेवरून घसरतो आणि फुटतो. पत्र्याचा माणूस मान खाली घालून त्या तुकड्यांकडं बघत राहतो. एवढ्या दंग्यात ती एक जागा अशी आहे की हसता हसता माणूस थांबतो.

"हे म्याच," आप्पा म्हणाले. "पन त्यो कप नव्हता. आमचे समदे कप चिकटवल्याले व्हते. कप त्यांनी मागनं जोडला असंल."

"छान जोडलाय," मी म्हटलं.

"व्हय. जोडत्यात ते."

सिनेमा संपायच्या आधीच त्यांनी टीव्ही बंद केला. मी बाहेर आलो तेव्हा मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "मावशी, तुम्ही बघत नाही का?"

"त्यो पिच्चर माझा न्हाय सर," त्या म्हणाल्या. "त्यो नीलव्वाचा आन् गौरीचा हाय."

मग त्यांनीच सांगितलं, हात न थांबवता. नीलव्वा ही आप्पांची पहिली बायको, गौरी ही मुलगी. सिनेमा जत्रेत तंबूत आला तेव्हा आप्पा मुंबईलाच होते. घरी त्यांनी "पिच्चरमदी हाय" एवढंच कळवलेलं, पत्र्याचं काही सांगितलं नव्हतं. नीलव्वा पडद्यावर नवरा शोधत बसली. बाजारातल्या गर्दीत बघितलं, पोलिसांच्या रांगेत बघितलं, कुठंच नाही. गौरी मांडीवर झोपून गेली होती. जिन्याच्या वेळी सगळा तंबू हसायला लागला, त्या आवाजानं ती उठली. पडद्याकडं बघितलं आणि रडायला लागली. काय झालं, काय झालं, तर म्हणाली, "आप्पा पडला."

"तोंड न्हाय, आवाज न्हाय," मावशी म्हणाल्या. "आन् पोरीनं वळखलं. कशावरनं गं, म्हणून इचारलं, तर म्हणली, पाय."

पुढचं त्यांनी फार सांगितलं नाही, आणि इकडं ते कुणी फार सांगतही नाही. त्या सिनेमाचा दुसरा भाग निघणार म्हणून आप्पांना पुन्हा बोलावणं आलं होतं. ते मुंबईत असताना भूकंप झाला. परत आले तेव्हा आपलं घर कुठल्या ढिगाऱ्याखाली आहे, हे त्यांना दुसऱ्यानं दाखवावं लागलं. दुसरा भाग काही निघाला नाही. शांताबाईंचंही त्याच पहाटे सगळं गेलेलं. पुढं दोन घरांत उरलेली दोन माणसं लोकांनी एकत्र आणली.

"पोरीचं फोटोबिटो काय बी न्हाय," मावशी म्हणाल्या. "ह्यांच्याजवळ तेवढंच हाय. तिनं वळखलं ते."

गेल्या वर्षी सोलापुरातल्या काही हौशी तरुणांनी त्या सिनेमाचा एक कार्यक्रम ठरवला. मोठ्या पडद्यावर सिनेमा, आणि त्यात काम केलेले जे कुणी हयात आहेत त्यांचा सत्कार. आप्पांबद्दल त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. शाळेत फोन आला आणि तो मीच घेतला. आप्पांना निरोप सांगायला मी गिरणीवर गेलो. डब्यावर टकटक केली. निरोप ऐकून त्यांनी गिरणी बंद केली. मग म्हणाले, "नाव घेनार का?"

"घेणार. पत्रिकेत छापलंय म्हणाले."

त्यांनी धोतर इस्त्रीला दिलं. जायच्या दिवशी मावशींनी त्यांच्या टोपीला दोनदा ब्रश मारला आणि मला सांगितलं, "सर, पायऱ्या आसल्या तर हात धरा. उगं पडून दाखवत्याल."

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. सभागृहामागच्या खोलीत पाहुण्यांच्या नाश्त्याची सोय होती. नटांपैकी कुणी आलं नव्हतं. कुणी वारलेले, कुणी आजारी. खोलीत आणखी एकच पाहुणा होता, कोल्हापूरकडचा रंगराव नावाचा म्हातारा. आप्पांच्याच उंचीचा, तसाच बारीक. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. संयोजकांपैकी एकजण हसत हसत म्हणाला, "आम्हालाही कालच कळलं, डब्बे दोन आहेत."

रंगराव मोकळा माणूस होता. आप्पांना बघून उठला, त्यांचे दोन्ही हात धरले. "म्हणजे माझ्या आधीचे तुम्ही. माझ्या कानावर आलं होतं, मराठवाड्याकडचा कोणीतरी होता म्हणून. लई सोसलं असंल. माझ्या वेळी निदान पंखा लावत होते."

मी आप्पांच्या कानाशी वाकून सगळं सांगत होतो. रंगरावही मोठ्यानं बोलायला लागला.

"मी जास्त नाही केलं," तो म्हणाला. "बंगल्यातलं बरंचसं तुमचंच हाय. माझा तो जिना."

आप्पांनी उपम्याची बशी खाली ठेवली. "जिना म्या केला," ते म्हणाले.

"केला असंल की. तुमची ती रिळं खराब झाली म्हणे. पुन्यांदा घ्यायचं ठरलं, तर तुम्ही गावाकडं गेलेला. म्हणून मला घातलं आत. काय होतं तुमच्याकडं? पोरीचं जावळ होतं ना? ते चिडले होते तुमच्यावर, जावळासाठी कोण शूटिंग सोडून जातं म्हणून."

मीच विचारलं, "तो शेवटचा कप नंतर जोडला ना?"

"कुठला जोडतात," रंगराव म्हणाला. "चिकटवलेलाच होता. माझ्या हातात निसटला. मला वाटलं, आता पहिल्यापासनं पडावं लागतंय. म्हणून खाली बघत उभा राहिलो. पाठीवर कोण वाजवंना. तसाच उभा राहिलो. तेच त्यांना आवडलं." त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. "हा त्या दिवशी गेला तो गेलाच. पडून उभा राहिलो तवापासनं ह्यो पाय आत वळतोय."

तो माणूस खोटं बोलत नव्हता. आप्पांनाही ते कळलं होतं. ते रंगरावच्या पायाकडं बघत होते, आणि बराच वेळ तिथंच बघत राहिले. मग त्यांनी उपमा पुन्हा हातात घेतला आणि एकही घास न टाकता संपवला.

कार्यक्रमात दोघांना एकदमच व्यासपीठावर बोलावलं. एकाच मापाचे दोन म्हातारे येताना पाहूनच सभागृह हसायला लागलं. शाल-श्रीफळ झालं. मग निवेदिका म्हणाली, की दोघांनी एकदा ती चाल करून दाखवावी. दोघांनी हात सरळ केले आणि चालले. दोघांचाही उजवा पाय पाऊल टाकण्याआधी तसाच थांबत होता. लोक डोळे पुसत हसत होते. पाठीवर वाजवणारं कुणी नव्हतं, त्यामुळं आप्पा चालतच राहिले. मी पुढं जाऊन त्यांच्या पाठीवर एकदा हात वाजवला, तेव्हा थांबले.

निवेदिकेनं माइक त्यांच्यापुढं धरला आणि जिन्याबद्दल विचारलं. आप्पांनी रंगरावकडं बोट केलं.

"जिना ह्यांचा हाय," ते म्हणाले. "ह्यांना इचारा."

सिनेमाला न थांबता आम्ही दुपारची परतीची एसटी धरली. नळदुर्ग येईपर्यंत आप्पा खिडकीबाहेर बघत होते. नळदुर्गला गाडी थांबली, इंजिन बंद झालं, तेव्हा ते बोलले.

"तिनं मला वळखलंच नव्हतं मंग."

मी म्हटलं, "आप्पा, बाकी सिनेमात तुम्हीच आहात. तिनं आधीही बघितलं असेल तुम्हाला."

"आधी झोपली व्हती. नीलव्वानं सांगितलं व्हतं मला. जिन्याला उठली, रडली, आन् परत झोपली. तेवढाच पिच्चर बघितला तिनं."

"पण ती रडली तुमच्यासाठीच ना. तुम्हीच पडलात असं वाटलं म्हणून रडली."

त्यांनी यावर विचार केला. उडवून लावलं नाही. मग म्हणाले, "रडली माझ्यासाठी. पडला दुसराच. आन् म्या तवा तिचं जावळ काढत बसलो व्हतो, तिला मांडीवर घेऊन." त्यांनी स्वतःच्या पायाकडं बघितलं. "पाय बघितला तिनं. पाय त्याचा व्हता. आता हे इचारायचं कुनाला?"

गाडी सुरू झाली आणि पुढं त्यांना काही ऐकू जाण्यासारखं नव्हतंच.

त्यानंतर आप्पांमध्ये मोठा काही बदल झाला असं गावातलं कुणी म्हणणार नाही. गिरणी वेळेवर उघडायची. पण रविवारी ती बंद राहीनाशी झाली. सिनेमा लागला असं कुणी सांगितलं, तर "लागू दे" म्हणत. कुणाचं कौतुक चाललेलं असलं तरी आत कोण आहे हे विचारत नसत. मावशी एकदा मला म्हणाल्या, "पयलं मला त्या पिच्चरचा राग यायचा सर. आता वाटतंय, ह्यांनी बघावा. ते बसत न्हाईत, म्हणून म्या लावून ठिवते. नुसता चालतो घरात." त्या आता तो सिनेमा बघू लागल्या होत्या. मावशींनीही एकदा आप्पांना सांगून पाहिलं होतं, की लेकराला बापाची आठवण येत होती, म्हणून तिला सगळीकडं बापच दिसत होता, एवढं काय कमी आहे का. आप्पा त्यांना म्हणाले होते, "कमी न्हाय. पन त्ये समद्याच लेकरांचं असतंय."

यंदा उन्हाळ्यात माझी पुन्हा बदली झाली. सामान टेम्पोत चढवून झाल्यावर निरोप घ्यायला मी गिरणीवर गेलो. तिथं आधीच लातूरकडचे दोन तरुण कॅमेरा घेऊन आले होते. मोबाइलवर दाखवायला त्यांना आप्पांची मुलाखत हवी होती. एकानं त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "आजोबा, त्या पिक्चरमधला रोबोट तुम्हीच ना?"

"न्हाय," आप्पा म्हणाले.

"पण गावात सगळे म्हणतात."

"म्हणत्यात. त्यो म्या नव्हं. कोल्हापूरकडं ऱ्हातो त्यो मानूस. सोलापूरहून गाडी हाय."

आतल्या दारातून मावशी म्हणाल्या, "अवो, सांगा की. अर्धा तर तुमीच हाव." त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल. त्या तरुणांनी गिरणीचे दोन-चार फोटो काढले आणि मोटारसायकलवर बसून निघून गेले.

मी डब्यावर टकटक केली. आप्पा वळले. मी निघतोय, म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, दळण आणलंय का म्हणून. मी रिकामे हात दाखवले. त्यांनी मान हलवली. मला वाटलं काहीतरी बोलतील. मीही मनात दोन वाक्यं जुळवून आणली होती.

त्यांनी तांब्या उचलला, पाणी न पिताच खाली ठेवला, आणि बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला. आत दाणा नव्हता. रिकामी गिरणी कुणी चालवत नाही, दगडावर दगड घासतो आणि दोन्ही झिजतात. आप्पांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मावशी धावत बाहेर आल्या, बटणाकडं गेल्या, आणि आप्पांच्या तोंडाकडं बघून तिथंच थांबल्या. मी रस्त्याला लागलो. गल्लीचं वळण येईपर्यंत तो कोरडा आवाज चालू होता.